आमची हरकत आहे

एका राज्याचा क्रिकेट खेळाडू दुसऱ्या राज्याकडून खेळायचं म्हणाला, तर त्याला आधीच्या संघटनेकडून एक कागद घ्यावा लागतो. त्या कागदाला 'ना हरकत प्रमाणपत्र' म्हणतात. आमच्या बँकेतही हा कागद रोज निघतो. कर्ज फिटलं, द्या ना हरकत. ट्रॅक्टरवरचा बोजा उतरवायचा, द्या ना हरकत. गेली बावीस वर्षं मी हा कागद तयार करून, शिक्का मारून, सहीसाठी साहेबांपुढे सरकवत आलो आहे, पण त्यातल्या 'हरकत' या शब्दाकडे माझं एकदाही लक्ष गेलं नव्हतं. ते गेलं २०२५ च्या पावसाळ्यात, जितेश शर्मा विदर्भ सोडून बडोद्याला गेल्याची बातमी आली त्या सकाळी.

जितेश अमरावतीचा. त्याचा जन्म इथला, १९९३ चा. लहानपणी त्याला हवाई दलात जायचं होतं म्हणे, आणि खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण पदरात पडावेत म्हणून तो क्रिकेटच्या निवडचाचणीला गेला, असं त्यानेच कुठल्याशा मुलाखतीत सांगितलेलं आहे. हे वाचल्यापासून मला तो जास्तच आपला वाटायला लागला. मीही बी.कॉम. झालो ते काही हिशेबाच्या ओढीने नव्हे. कॉलेजात त्या फॉर्मच्या खिडकीपुढची रांग छोटी होती, इतकंच.

तर त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे राजकमल चौकात पानठेल्यावर थांबलो. पानवाल्याने चुना लावता लावता जाहीर केलं, "गेला ना बाप्पा पोट्टा."

"कोण गेलं?" मी दचकून विचारलं. आमच्याकडे 'गेला' या शब्दाचा पहिला अर्थ वेगळा असतो.

"जितेश. बडोद्याले."

तेवढ्या पाच मिनिटांत ठेल्यावर सात-आठ माणसं जमली. त्यातल्या प्रत्येकाने जितेशला लहानपणी गोलंदाजी केलेली होती. एकाने तर त्याला बादही केलेलं होतं. इतकी वर्षं मी त्या ठेल्यावर उभा राहतो आहे, पण हा गोलंदाज तोवर कधी बोलला नव्हता. सगळ्यांचं म्हणणं एकच: "पण काहून?" आणि या 'काहून'ला उत्तर द्यायला बडोद्याहून कोणी आलेलं नव्हतं.

खरं म्हणजे जितेशच्या मागे आम्ही आधीही पुष्कळ फिरलो होतो. २०२२ पासून तो आयपीएलमध्ये पंजाबकडे होता, तेव्हा अमरावतीत आम्ही पंजाबी झालो. २०२३ साली तो आशियाई खेळांत भारताकडून खेळून हांगझोऊहून सुवर्णपदक घेऊन आला, तेव्हा पुन्हा भारतीय झालो. पुढे बंगळुरूने त्याला अकरा कोटींना घेतलं. आमच्या चिरंजीवांनी पंजाबचा म्हणून घेतलेला लाल टी-शर्ट बंगळुरूचाही लालच निघाला, एवढीच काय ती मला झालेली बचत. मग २७ मे २०२५ ला लखनौमध्ये २२८ धावांचा पाठलाग करताना त्या दिवसाच्या कप्तानाने, म्हणजे आमच्या जितेशने, ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकल्या. पुढल्याच आठवड्यात, ३ जूनला, बंगळुरूने करंडक जिंकला तो त्याच पंजाबला हरवून. त्या रात्री आमच्या घरातल्या टी-शर्टाला आपण जिंकलो की हरलो हे कळेना.

पण ते सगळं उन्हाळ्यातलं. उन्हाळ्यात माणूस मामाच्या गावाला जातोच. पावसाळा सरला की आपल्या घरी यायचं, विदर्भाची टोपी घालायची, असा आमचा समज. आणि आता घरच बदललं!

मी तणतणत घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "बडोदा! अमरावतीच्या माणसाचा बडोद्याशी संबंध काय?"

ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचा काय आहे?"

हा वार कमरेखालचा होता. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या दोन बँका बँक ऑफ बडोद्यात विलीन झाल्या. त्या दोहोंपैकी एकीत मी होतो. आदल्या संध्याकाळी काउंटर बंद करून घरी गेलो तो एका बँकेचा माणूस, आणि सकाळी त्याच खुर्चीवर येऊन बसलो तो बडोद्याचा. म्हणजे जितेशच्या आधी सहा वर्षं मी जाऊन पोचलो होतो. फरक एवढाच की माझ्यासाठी पानठेल्यावर कोणी थांबलं नाही.

या प्रकाराचा इतिहास शोधायची बुद्धी मला आमच्या बाबांमुळे झाली. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडे एक जुनी लांबट खतावणी आहे. तीत ते अनेक वर्षांपासून विदर्भाच्या रणजी सामन्यांचे निकाल लिहून ठेवतात: हरलो तर लाल शाई, अनिर्णित राहिला तर निळी. पहिली कित्येक पानं पाहिली तर एखाद्या नापास विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका वाटते. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या मोसमात रणजीत उतरला आणि त्यानंतर साठ वर्षं त्याने अंतिम सामन्याचं तोंड पाहिलं नाही. मी एकदा बाबांना विचारलं होतं, "एवढं हरतात, तरी लिहिता कशाला?" ते म्हणाले, "हरतो म्हणून सोडायचं ठरवलं तर या घरात तुला कोणी ठेवलं असतं का?" त्या वर्षी मी अकाउंटन्सीत राहिलो होतो.

जितेशची बातमी बाबांना सांगितली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नायडूही गेलाच होता."

सी. के. नायडू म्हणजे कर्नल नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, १९३२ ची लॉर्ड्सची कसोटी. जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५. शिक्षणही नागपुरातच, हिस्लॉप कॉलेजात. आमचे पणजोबा त्या काळी नागपुरात नोकरीला होते आणि नायडूंनी मारलेला एक चेंडू त्यांच्या सायकलच्या जवळून गेला होता, अशी आमच्या घराण्याची नोंद आहे. (सायकल घराण्यात अजून आहे. चेंडूचा पुरावा नाही.) तर १९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी नायडूंना बोलावून घेतलं, आपल्या सैन्यात कप्तान केलं, आणि नागपूरचा माणूस इंदूरचा झाला. आता यात चूक काय म्हणावी? त्या काळी क्रिकेटमध्ये पैसा नव्हता. ज्याच्या पदरी हुद्दा आणि पगार मिळेल तिथे खेळाडू जायचा. राजेरजवाडे संघ बाळगत ते तालमीतले पैलवान बाळगावेत तसे. मला कोणी महाराजांनी बोलावून लेजर सांभाळायला कप्तान केलं असतं तर मी ना हरकतीसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो नसतो.

नायडू गेले आणि मग मोठे झाले, हे नागपूरकरांचं खरं दुखणं. १ डिसेंबर १९२६ ला मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षटकार. पुढे होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. नायडू मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या नावावर खेळले, हैदराबादकडून खेळले, आंध्रकडून खेळले, आणि शेवटी १९५६-५७ साली उत्तर प्रदेशकडून रणजीत उतरले तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. आमच्याकडे साठीला टेबलाचा खण रिकामा करून घेतात.

बडोद्याची भूकही जुनीच. विजय हजारे सांगलीचे, १९१५ चे. आधी महाराष्ट्राकडून खेळले आणि मग बडोद्याच्या महाराजांकडे गेले. १९४७ च्या मार्चमध्ये रणजीचा अंतिम सामना बडोद्यात होता, बडोदा विरुद्ध होळकर. हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. चित्र डोळ्यांपुढे आणा: सांगलीचा माणूस बडोद्यातर्फे मारतो आहे आणि नागपूरचा माणूस इंदूरतर्फे उन्हात उभा आहे. सांगलीकरांनी टाळ्या कोणासाठी वाजवायच्या आणि नागपूरकरांनी कपाळाला हात कोणासाठी लावायचा?

हे सगळं मी बाबांकडून ऐकलं आणि थोडं वाचनालयात वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं की आपण ज्याच्या अभिमानाने 'काहून गेला' विचारतो, त्या वऱ्हाडाचीच एवढ्या वेळा बदली झालेली आहे की त्याचं सेवापुस्तक काढलं तर साहेब चक्रावतील. आधी निजामाकडे. १८५३ साली कर्जापायी इंग्रजांच्या ताब्यात (म्हणजे तारणच!). १९०२ साली कायमच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून. १९०३ साली मध्य प्रांताला जोडलं. १९५० साली मध्य प्रदेश. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्य. १९६० साली महाराष्ट्र. एकदाही कोणी राजकमल चौकात येऊन विचारलं नाही की बाबांनो, तुमची काही हरकत? पानठेलाही तोच आणि 'काहून'ही तेच. वरची पाटी मात्र बदलत गेली.

जाऊन परत आलेलीही माणसं आमच्या गावात आहेत, नाही असं नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली थेट बर्लिनच्या ऑलिम्पिकला गेलं, तिथे कबड्डीसकट देशी खेळ करून दाखवले, आणि परत अमरावतीला आलं. बर्लिनहून बडनेऱ्याला परतता येतं, मग बडोद्याहून का येऊ नये, असं मी बाबांना म्हटलं. बाबा म्हणाले, "त्यांना तिथे कोणी अकरा कोटी देत नव्हतं."

बाहेरून येणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आम्ही कधी हरकत घेतली नाही, हे कबूल केलं पाहिजे. वसीम जाफर २०१५ साली मुंबईहून आला तेव्हा मुंबईकरांना काय वाटलं असेल याचा विचार मी एक मिनिटही केला नाही. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. त्या जोरावर २०१७-१८ च्या मोसमात विदर्भ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. समोर दिल्ली. आणि सामना कुठे? इंदूरला, होळकर स्टेडियमवर! नायडूंना नेलेल्या त्याच इंदुरात. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक काढलं, आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ गडी राखून आपण करंडक जिंकला. विजयी फटका जाफरचा. बाबा ताडकन उठले, खतावणी काढली आणि पेन हातात घेऊन थांबले. लाल नको, निळी नको. जिंकल्याची नोंद याआधीही निळ्यातच बसवत आले होते, पण करंडकाला वेगळी शाई हवी. मी बँकेत पळालो (सुट्टी नव्हती, उशिराच निघालो होतो) आणि संध्याकाळी एका तपासनिसाकडून हिरव्या शाईचं पेन उसनं आणलं. ते मी परत केलेलं नाही. पुढल्या वर्षी सौराष्ट्राला नागपुरात हरवलं तेव्हा ते पुन्हा लागलं.

आणि करुण नायर! कसोटीत त्रिशतक काढलेला माणूस, त्याला कर्नाटकाने संघाबाहेर ठेवलं. २०२३ साली तो आमच्याकडे आला. २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकात त्याने ७७९ धावा केल्या, अंतिम सामन्यापर्यंत त्याला बाद करणं हीच बातमी होती. अंतिम सामना झाला बडोद्यात, गाठ पडली त्याच कर्नाटकाशी, आणि आपण ३६ धावांनी हरलो. दीड महिन्याने रणजीच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्याने नागपुरात ८६ आणि १३५ केल्या. पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा आपला. हिरवं पेन. मग तो भारताच्या संघात परत गेला, आणि त्याच वर्षी कर्नाटकाकडेही परत गेला. बाबांनी यावर अजिबात त्रागा केला नाही. म्हणाले, "पाहुणा होता. पाहुण्याला शिदोरी बांधून द्यायची असते." गुरबानी मात्र नागपूरचा. तो महाराष्ट्राकडे गेला तेव्हा बाबांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

जितेशचंही, खरं सांगायचं तर, चूक म्हणता येत नाही. तो यष्टिरक्षक. विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर, तोही यष्टिरक्षक. एका कॅश काउंटरवर दोन कॅशियर बसत नाहीत. ज्याला रोख मोजता येते त्याने नुसतं शेजारी उभं राहून लोकांना स्लिपा भरायला शिकवावं, असं किती वर्षं चालायचं? हे मला कळत होतं. तरीही मी पानठेल्यावर 'निष्ठा' या विषयावर पंधरा मिनिटं बोललो आणि दोन पानं खाल्ली.

त्याच महिन्यात अकोल्याच्या शाखेत हेड कॅशियरची जागा निघाली.

इथे मला जरा थांबू द्या. क्लार्कला कोणी उचलून अकोल्याला टाकत नाही. त्या जागेला विशेष भत्ता असतो, आणि तो हवा असेल त्याने अर्ज करायचा असतो. मी केला. चिरंजीव दहावीत, शिकवणीची फी, बाबांची औषधं, अशी सबळ कारणं मी बायकोला सांगितली. तिने ऐकून घेतली. मग मी तीच बाबांना सांगितली. ते म्हणाले, "मला कशाला सांगतोस? मी काही 'काहून' विचारलेलं नाही."

आता बाहेरच्या वाचकाला अमरावती-अकोला म्हणजे काय हे कळणार नाही. शंभर किलोमीटरचं अंतर. कापूस सारखा, ऊन सारखं, बोली जवळपास सारखी, आणि म्हणूनच भांडण. मे महिन्यात अकोल्याचा पारा आमच्या वर गेला तरी अकोलेकर त्याचाही अभिमान बाळगतात. मधला रस्ता २०२२ च्या जूनमध्ये असा झपाटून केला की ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. जाणाऱ्यांची एवढी घाई सरकारने याआधी कधी ओळखली नव्हती. लोक अपडाऊन करतात. मीही महिनाभर केलं, मग कंबर बोलायला लागली आणि अकोल्यात खोली घेतली. सोमवार ते शुक्रवार अकोला, शनिवारी-रविवारी अमरावती. अमरावतीच्या शाखेने निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. एक जण भाषणात म्हणाला, "आमचा जितेश चालला." सगळे हसले. मीही हसलो.

अकोल्याच्या शाखेतला शिपाई पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, तुमचा गेला न बडोद्याले? आमचा हाये अजून." आमचा म्हणजे अथर्व तायडे. अकोल्याचाच, २००० सालचा. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात ३२० धावा काढलेला. त्या दिवसापासून शिपाई मला चहा देताना अथर्वच्या धावा सांगायचा, जणू व्याजदर. मी ऐकून घेत असे. परगावच्या माणसाने दुसरं काय करायचं?

मग २०२६ चा जानेवारी आला. विजय हजारे करंडकाच्या उपांत्य सामन्यात विदर्भासमोर कर्नाटक, आणि कर्नाटकाच्या बाजूने करुण नायर. दर्शन नळकांडेने पाच बळी घेतले, अमन मोखाडेने १३८ केल्या, आणि आपण जिंकलो. तो गुरुवार होता. काउंटरखाली मोबाईल ठेवून मी त्या दिवशी रोख जमवली ती कशी जमली ते मला सांगता येणार नाही. अंतिम सामना रविवारी, १८ तारखेला, बंगळुरूला, सौराष्ट्राशी.

शिपाई म्हणाला, "साहेब, रविवारी घरी याच लागते. अख्खी गल्ली एका टीव्हीवर पायते."

मी अमरावतीला फोन केला आणि बाबांना सांगितलं की बँकेत काम निघालं आहे, या आठवड्यात जमत नाही. इतक्या महिन्यांत पहिलाच चुकलेला रविवार. फोन ठेवल्यावर मला उगाचच जितेशची आठवण झाली.

अथर्वने त्या दिवशी १२८ काढल्या. शतक झालं तेव्हा गल्लीतल्या बायका ओट्यावर आल्या, पोरं नाचली, आणि मी, अमरावतीचा माणूस, एका अनोळखी अकोलेकराच्या गळ्यात पडलो. विदर्भ ३१७, सौराष्ट्र सर्व बाद २७९. विजय हजारे करंडक पहिल्यांदाच आपल्याकडे. शिपाई माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, टाळी कोनत्या खात्यात टाकता?" मी म्हटलं, "सध्या उचंत खात्यात ठेव."

बाहेर कोणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली, आणि नेमका त्याच वेळी बाबांचा फोन आला.

"काम झालं का बँकेतलं?" त्यांनी विचारलं.

माळ तडतडत होती. फोनवर हात धरूनही उपयोग नव्हता. मी म्हटलं, "होत आलं."

"हं." मग जरा थांबून म्हणाले, "ते हिरवं पेन इथे खणात नाही. तुझ्या खिशात गेलं काय?"

मी खिसा चाचपला. होतं.

"शनिवारी येशील तेव्हा आठवणीने आण," बाबा म्हणाले, "तोवर मी पेन्सिलीनं लिहून ठेवतो."